सवतीला पाणी

झाडांच्या बाबतीत आमच्या सरांचा हात कोण धरणार! उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीतल्या प्रत्येक कुंडीत लॅटिन नावाची पाटी खोचली. त्यामुळे त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेल्या, तेव्हा सर छातीठोकपणे म्हणाले, "तू निर्धास्त राहा. झाडं माझ्यावर सोड!"

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन. "अहो, जाऊबाईंना फार पाणी घालू नका. हसरीला ऊन दाखवा. आणि सवत काय म्हणते?"

"मजेत आहे!" सर ठोकून मोकळे झाले. फोन ठेवला आणि घाम पुसत बसले. बाई झाडांना असल्या नावांनी हाका मारतात एवढंच त्यांना ठाऊक होतं. कुठली हाक कुणाला, हे बघायची सवड त्यांना कधी झाली नव्हती. त्यातच एका कुंडीनं साफ मान टाकलेली. हीच सवत निघाली तर? बाई घरी येऊन रडतील, या विचारानं सर तडक उठले.

त्यांनी सुनेला गाठलं. सून परभाषेतली. "आईंनी दाखवली होती हो, पण मी आमच्याकडच्या नावानं लक्षात ठेवली," ती म्हणाली आणि एकच नाव घेऊन तिनं तीन कुंड्यांकडे बोट केलं.

"अगं, या तिघींचं कूळ वेगळं आहे!"

"बाबा, पाणी घालायचंय की लग्न जुळवायचंय?"

शेवटी सरांनी त्या तीन आणि मान टाकलेली चौथी, अशा चार कुंड्या टॅक्सीत घातल्या आणि थेट दवाखाना गाठला. दारात वॉचमन आडवा. "काका, हे काय?"

"कॅथरँथस रोझिअस!" सरांनी कुंडीतल्या सदाफुलीचं लॅटिन नाव सांगितलं.

वॉचमन दोन पावलं मागे सरला. "लागण होते का हो याची?"

वॉर्डात तर जत्राच भरली. नर्सनं त्याच फुलाला तिच्या गावचं नाव दिलं, शेजारच्या खाटेवरच्या आजींनी वेगळंच, आणि सर सगळ्यांना लॅटिन शिकवू लागले. "पण यातली सवत कुठली?" असं त्यांनी विचारताच बाई इतक्या हसल्या, की टाके ओढायला लागले.

"अहो, यातली एकही नाही!"

"म्हणजे? मग सवत कोण?"

"तुमच्या टेबलावरचं ऑर्किड. रोज उठल्या उठल्या तिच्याशी गुलूगुलू बोलता. माझा नंबर चहा झाल्यावर. तोही साखर कमी आहे, हे सांगायला!"

सरांचा चेहरा पडला. ऑर्किड अगदी टवटवीत होतं. त्या सवतीला पाणी द्यायला ते एकदाही विसरले नव्हते. आणि इथे आल्यापासून बायकोला दुखतंय का, एवढंही त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी कुंड्या खाली ठेवल्या, मातीचे हात सदऱ्याला पुसले आणि बाईंचा हात हातात घेतला.

"फार दुखतंय का गं?"

"आता नाही."

"उद्यापासून सकाळचा पहिला शब्द तुझ्याशी. अगदी तिच्याशी बोलतो तसा!"

बाईंनी डोळे टिपले. "बोला की. फक्त लॅटिनमधून नको!"