तुरा

बॅनर चार वाजता छपाईला जाणार होता आणि सव्वातीन वाजता ऋतिका फोटोतल्या फेट्याच्या तुऱ्याची एकेक कड मागच्या रंगातून सोडवत बसली होती. रसायनशास्त्रात एमएस्सी करून ती कोपरीत घरबसल्या डिझाइनची कामं घ्यायची. प्रयोगशाळेतली चिकाटी मात्र तशीच राहिली होती.

हा बॅनर डोंबिवलीकडच्या कमलेशच्या आजोबांचा, काळुरामांचा. पंच्याहत्तरी होती. आठ वर्षांपूर्वी एका हळदीच्या बॅनरवर त्यांचे धाकटे भाऊ सहदेव यांचा फोटो खालच्या रांगेत, शेंगदाण्याएवढा आला होता. तेव्हापासून सहदेव भावाच्या दारात आले नव्हते. आज येणार होते.

"दोघांचे फोटो सेम साइज, मॅडम," कमलेशने बजावलं होतं. "एक इंच इकडेतिकडे झाला तर मेलो!"

सहदेव यांचा फोटो मिळायला वेळ होता. म्हणून त्या जागी तिने आपल्या बाबांचा, शिवरामांचा फोटो ठेवला आणि दोन वाजता नमुना पाठवला, 'फक्त मांडणी बघा' असं लिहून. आडवा 'नमुना' असा शिक्का मारायला हवा होता. पण सोनेरी अक्षरांवर तो फार विद्रूप दिसत होता. तिने तो काढून टाकला.

पावणेतीनला सहदेवांचा फोटो त्यांच्या घरून थेट तिच्याकडे आला. बदलायचं काम दोन मिनिटांचं. आधी काळुरामांचा तुरा, असं तिने ठरवलं.

चार वाजून वीस मिनिटांनी तिने पक्की फाइल पाठवली. लगेच कमलेशचा फोन आला.

"मॅडम, ही कशाला? छापणारा थांबेना, म्हणून आधीचाच दिला. एक नंबर होता तो! छापून झाला, आता नाक्यावर बांधायला नेलाय."

"अहो, त्यात माझे बाबा आहेत!"

"कुठं?"

"सहदेव आजोबांच्या जागी!"

"आई शप्पथ. मला वाटलं, तरुणपणीचा फोटो असेल."

फोटोतला माणूस कोण ते सांगायला आणि माफी मागायला ऋतिका बाबांना घेऊन निघाली. "मी कशाला?" ते वाटभर विचारत होते. सहाला दोघं नाक्यावर पोचले, तेव्हा सहदेव बॅनरखाली उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात भावासाठी आणलेली शाल. त्यांनी वर पाहिलं, मग शिवरामांकडे पाहिलं, परत वर पाहिलं.

"यो कोन?"

"मी शिवराम. कोपरीचा," बाबा पुटपुटले.

"आजोबा, चूक माझी आहे," ऋतिका म्हणाली. "तुमचा फोटो वेळेत आला होता. मीच..."

"फोटो बरा हाय," सहदेव शिवरामांना म्हणाले. "मोठा पन लावलाय." त्यांनी शाल शिवरामांच्या हातात ठेवली. "आता तूच दे भावाला."

आणि ते रिक्षात बसून निघून गेले.

शाल हातात धरून बाबा तसेच उभे राहिले. ऋतिकाने मान वर करून पाहिलं. बॅनरवरचा तुरा दोन वाजताचा, कच्चाच होता. खालून काही फरक कळत नव्हता.