सगळ्यात आधी बंद करायचं केंद्र

साळवे अण्णांच्या गच्चीवर एका बांबूला त्यांच्या बायकोच्या जुन्या पातळाचा काठ बांधलेला असे. तो काठ चांगला फडफडायला लागला की अण्णा कठड्यापाशी येत आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत, "दळनं टाका! वारा सुटलाय, दळनं टाका!" काठ लोंबायला लागला की दुसरी आरोळी, "थांबा आता. कोनी मोटार चालू करू नका."

त्या काळी मिरजगावात पवनचक्की कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. वीज यायची ती लांबच्या कोळशाच्या केंद्रांतून. वारा सुटला काय आणि पडला काय, गिरणीला त्याचं सुखदुःख नव्हतं. गिरणीवाल्याने हे अण्णांना एकदा हात जोडून समजावलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "आज फरक पडत न्हाई. उद्या पडंल. तवा देशाला एका दिवसात सवय लागनार हाय का? आत्तापासून लावाय पायजे." देशाला सवय लावायची सुरुवात आपल्या गिरणीपासून का, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला माझी बदली मिरजगावच्या हायस्कुलात झाली आणि मी अण्णांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. टेम्पोतून सामान उतरत होतं, तेव्हा अण्णा पुढे आले. मला वाटलं, नाव-गाव विचारतील, चहाला बोलावतील. त्यांनी माझ्या सामानातली एक वस्तू उचलली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, "बाई, ही इस्त्री संध्याकाळी सातला तर लावत न्हाई ना?"

अण्णा गावाबाहेरच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते. दर तासाला मीटरचे काटे बघायचे आणि रजिस्टरात आकडे लिहायचे, ही त्यांची नोकरी. पंचवीसेक वर्षं काटे बघून बघून त्यांना गाव आतून-बाहेरून पाठ झालं होतं. पहाटे काटा जरा हलला की माणसं उठली. मग विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या. संध्याकाळी सातला काटा एकदम चढला की समदे घरी आले. "समद्यांना एकाच टायमाला समदं पायजे," ते म्हणत. "त्या दोन तासांसाठी तिकडं डोंगराएवढा कोळसा जाळाय लागतो." कोळशावर त्यांचा राग होता. जमिनीखालचा कोळसा एक दिवस संपेल, आणि त्याच्याआधी त्याचा धूर आपल्याला संपवेल, असं त्यांचं मत होतं.

आणि नुसतं मत बाळगून गप्प बसणारा माणूस तो नव्हे. सबंध देश कोळशावाचून कसा चालवायचा, आणि तोही कमीत कमी खर्चात, याची त्यांनी एक जाडजूड वही केली होती. तिच्यात मोठे मोठे बेत नव्हते. पहिलं पान विहिरीवरच्या मोटारींचं. जुन्या मोटारी बदला, गळके पाइप बदला, निम्मी वीज तिथेच वाचते. त्यानंतर वारा. धरणाचं पाणी दिवसा वाया घालवायचं नाही, संध्याकाळच्या त्या दोन तासांसाठी राखायचं. मग लांबलांबच्या तारा जोडायच्या, कारण इथं वारा पडला तर तिकडं सुटला असंल. उन्हाची वीज सगळ्यात शेवटी. "आज लई महाग हाय ती. थांबायचं. स्वस्त झाली की घ्यायची. नव्या आंब्याला कशाला हात घालायचा?"

प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न असे: "रुपयाला किती कोळसा वाचला?" पाथर्डीला एका लग्नात त्यांनी हा प्रश्न जनरेटरवाल्याला विचारला, मग मांडववाल्याला, आणि शेवटी नवरदेवाच्या मामांना. मामा उठून पंगतीत जाऊन बसले. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी मात्र अण्णा स्वतः घरावर दिव्यांच्या माळा लावत. त्या दिवशी कुणी हिशोब विचारला तर म्हणत, "एक दिवस देशाला परवडतो."

त्यांच्या बायकोला सगळी आळी मामी म्हणायची. मामी तोंडाने फटकळ. "सैपाकघरातला बलब जाऊन आठ दिस झाले," त्या मला म्हणत, "आन हे देश उजळाय निघालेत." बल्ब मग मी लावून द्यायची. स्टुलावर चढणं अण्णांना जमत नसे. त्यांचा गुडघा धरायचा.

मी गणिताची मास्तरीण, म्हणून वहीतल्या बेरजा तपासायचं काम माझ्याकडे आलं. खोटं कशाला बोलू, आधी मी हसण्यावारी नेलं. पण बसले आणि चाटच पडले. हातचा एकही चुकलेला नव्हता. शेवटच्या भागात कोळशाची केंद्रं कोणत्या क्रमाने बंद करायची त्याची यादी होती. नियमही त्यांनीच घालून दिला होता: जे जुनं, खाणीपासून लांब आणि जास्त कोळसा खाणारं, ते आधी बंद. जे नवं आणि खाणीला लागून, ते शेवटी, कारण त्याची वीज सगळ्यात स्वस्त.

आणि यादीत पहिला नंबर विदर्भातल्या एका कोऱ्या करकरीत केंद्राचा. अगदी खाणीच्या तोंडाशी असलेलं.

"अण्णा, हे उलटं झालं," मी म्हटलं. "हे शेवटी पाहिजे. आधी बंद केलं तर सगळा खर्चच वाढतोय."

"बगतो," ते म्हणाले आणि वही घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी वही परत आली. बाकी पानं सुधारलेली, पहिला नंबर तोच. कारण विचारलं, तर तिथं पाण्याची टंचाई आहे म्हणाले. पुढच्या खेपेला तिथली माती भुसभुशीत निघाली. त्याच्या पुढच्या खेपेला चिमणी थोडी कललेली निघाली. मिरजगावात बसून विदर्भातली चिमणी कशी दिसली, असं मी विचारलं, तेव्हा त्यांना एकाएकी ड्युटीची आठवण झाली. मला राग आला. इतका चोख माणूस, आणि एका जागी इतका हटवादी! मी फटकन म्हणाले, "तुम्हाला खरं करायचं नसेल तर मला तपासायला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी मामी शेंगा फोडायला माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मूठभर शेंगा फोडून टरफलं बाजूला लोटली. मग म्हणाल्या, "बाई, त्यांच्यावर रागावू नका. त्या केंद्रात आमचं जावई हायेत."

सुनंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. उन्हाळ्यात आठ दिवस यायची, त्यातले दोन प्रवासात जायचे. गेली दोन वर्षं तेही नाही. जावयांना रजा नाही, आणि लहान मूल घेऊन एकटीने इतक्या लांब यायचं कसं? तिच्या पत्रात असायचं की इथं पांढरं पातळ दोरीवर टाकलं की दुपारपर्यंत राखेनं काळवंडतं, मुलाला खोकला आहे, आणि बदलीचं काही कळत नाही.

"त्यांच्या डोक्यात काय बसलंय," मामी खाली मान घालून म्हणाल्या, "ते केंद्र बंद पडलं की मान्सं दुसरीकडं टाकावी लागतील. तवा जावई नगरला येतील. नगरहून हितं यायला असा किती येळ लागतो?"

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. हा माणूस सगळ्या देशाच्या विजेची घडी बसवत होता, आणि त्या घडीतून पोरीला माहेरी आणायची एक वाट ठेवत होता. मग मी वहीबद्दल चकार शब्द काढला नाही.

तशातच नगरच्या ऑफिसातून एक तरुण इंजिनिअर सबस्टेशन तपासायला आला. गंमत म्हणून त्याने वही चाळली आणि चाळता चाळता खुर्चीत बसला. जाताना म्हणाला, "अण्णा, स्वच्छ अक्षरात एक प्रत करून द्या. मी मुंबईला वरच्या साहेबांना दाखवतो. मात्र आकडे चोख हवेत. ते लोक एक चूक दिसली की सगळं बाजूला ठेवतात."

अण्णा चार दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत. गच्चीवरून आरोळ्याही बंद. गिरणीवाला काळजीने चौकशी करून गेला.

रविवारी दुपारी ते कोरे ताव घेऊन आले. मामी मागोमाग येऊन दारात टेकल्या. "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो, तुमी लिवा." मोटारी, वारा, पाणी, तारा, सगळं सांगून झालं. मग यादी. पहिला नंबर त्यांनी एका जुन्यापान्या केंद्राचा सांगितला. मी वर पाहिलं नाही. दुसरं, तिसरं, असं करत एकच केंद्र राहिलं.

"सगळ्यात शेवटी," अण्णा म्हणाले आणि सुनंदाच्या गावाचं नाव त्यांनी सांगितलं.

"किती साली, अण्णा?"

त्यांनी बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. साल सांगितलं आणि म्हणाले, "तवा मी ऐंशीच्या पुढं आसंन. आसलो तर."

मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, सांगावं, अण्णा, पहिला नंबर राहू द्या, कोण तपासतंय! पण तपासणारी मीच होते, आणि यादी उलटी आहे म्हणून त्यांच्या मागे लागले होते तीही मीच. इतकी टोचणी मला दुसऱ्या कुठल्या गणिताने लावलेली नाही. ती प्रत पुढे मुंबईला गेली. तिचं काय झालं, कुणी कळवलं नाही.

ताव गोळा करून झाले, तरी अण्णा उठले नाहीत. खिशातून एक अंतर्देशीय पत्र काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "हे सुनंदाला लिवा. माझं पत्र दोन ओळीत संपतं. लिवा, तुमचं केंद्र लई वर्सं चालनार हाय. जावयांची नोकरी पक्की. काळजी करू नको. पोराला खोकल्याचं औषध दे. खुशीत ऱ्हा." ते थांबले. "आन लिवा..." मी पेन धरून बसले. ते खिडकीतून बाहेर बघत होते. "न्हाई. ऱ्हाऊ द्या. एवढंच."

मी लिहिलं. आणि खाली, त्यांनी न सांगितलेली एक ओळ माझ्या मनाने घातली: "अण्णांना तुझी फार आठवण येते. कसंही करून एकदा येऊन जा."

पत्र त्यांच्या हातात दिलं. चष्मा लावून ते वाचत गेले. शेवटच्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. मला वाटलं, आता पेन मागतील आणि खोडतील. त्यांनी पत्राची घडी घातली, कडेचा डिंक जिभेने ओला केला, आणि अंगठ्याने दाबून, पुन्हा पुन्हा दाबून, ते घट्ट चिकटवलं.