शेवंताला पाहायला पाहुणे आले
सत्याऐंशी सालची गोष्ट. धुळ्यात पांझरेच्या पुलाजवळ चिंचेवर राहणाऱ्या शेवंताला पाहायला शिंदखेड्याहून पाहुणे यायचे होते. आपण हडळ आहोत हे त्यांना कसं सांगावं, या काळजीने तिचा जीव टांगणीला लागला होता. जीव उरला नव्हता हे खरं. पण टांगणीला लागायचं ते लागलंच.

मुलगा तिच्या पसंतीचा होता. पाणीपुरवठा कचेरीतला कारकून सुकदेव रोज संध्याकाळी चिंचेला सायकल टेकवून तिच्याशी बोलत बसे. तिचे उलटे पाय त्याने पहिल्याच दिवशी पाहिले होते. "मला चालतं," तो म्हणाला, "पण बघण्याचा कार्यक्रम रीतसर व्हायला हवा." मेल्यापासून तिच्याशी इतकं अदबीने कोणी बोललं नव्हतं. ती तिथेच प्रेमात पडली.

शेजारी टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या यशोदाबाईंनी ओसरी दिली. पोहे झाले. मग सुकदेवचे काका चुडामण आबा रिवाजाप्रमाणे म्हणाले, "जराशी चालीसन दखाड व माय."

शेवंता चालली. टाचा पुढे, बोटं मागे. सुकदेव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"पाय उलटा शेतस," आबांनी विचारपूर्वक निर्णय दिला. "चांगलं शे. माहेरले निंघनी तरी पाय सासरकडेच ऱ्हातीन."

सुकदेवच्या आईने, बेबाबाईंनी, पाणी मागितलं. घाबरलेल्या शेवंताने बसल्या जागेवरून हात लांबवून स्वयंपाकघरातला तांब्या आणला. बेबाबाई घोटभर प्यायल्या आणि हरखल्या. "सून आशीच जोयजे. चुल्हापाशी बशीसन बठ्ठी पंगत वाढी!"

शेवंताने धीर करून सांगूनच टाकलं, "मी हडळ आहे."

"मंग काय व्हयनं?" आबा हसले. "आम्ही जुना इचारना मानसं नहीत."

नारळ आला, कुंकवाचा करंडा उघडला. आबांनी सहज विचारलं, "आडनाव काय शे तुन्हं?"

शेवंताने खूप आठवून पाहिलं. "नाही आठवत, आबा. चितेवर सगळं जळालं."

"म्हंजे जात?"

"तीही."

आबांनी करंडा मिटला, नारळ पिशवीत परत घातला. त्यांनी टोपी घातली. बेबाबाई अंगणात जाऊन खळखळून चूळ भरू लागल्या.

"तुम्ही तर रोज येत होता," शेवंता सुकदेवला म्हणाली.

"येत होतो," सायकलचं कुलूप काढत तो म्हणाला, "पण एवढं तरी आधी सांगायचं होतंस. लोकांना काय सांगू मी?"

शेवंता चिंचेवर परत गेली आणि मेल्यानंतर पहिल्यांदा रडली.

वाचकांना तिची दया येईल यात शंका नाही. फक्त एक कळावं. या गोष्टीत सुकदेवचंही आडनाव कुठे आलेलं नाही. आपण ते कितव्या ओळीपासून शोधत होता?