सुपडूनानांचं ‘इचारनं बंद’

आमच्या समोरच्या घरात राहणारे सुपडूनाना कोणालाही प्रश्न विचारत नाहीत. कमी विचारतात असं नाही, अजिबात विचारत नाहीत. फोन वाजला की उचलतात आणि म्हणतात, “मी सुपडू बोलतोय. तुम्हीही कोणीतरी असाल.” मग पलीकडचा माणूस आपण कोण ते सांगेपर्यंत गप्प बसतात. भाजीच्या गाडीपाशी उभं राहून, “भेंडी कोवळी दिसते. तिला आज काहीतरी भाव असेल,” एवढंच बोलतात. धुळ्याच्या आमच्या देवपुरातल्या जुन्या भाजीवाल्यांना याची सवय झाली आहे. एखादा नवीन असला की मात्र तो घाबरतो. त्याला वाटतं, हे महापालिकेकडून आले.

बसस्टँडवर तर फारच पंचाईत होते. मागे एकदा त्यांना एका लग्नासाठी शिंदखेड्याला जायचं होतं. गाडी लागलेली, पाटी धुळीने भरलेली. नाना कंडक्टरला म्हणाले, “ही गाडी कुठेतरी जात असेल.” तो म्हणाला, “जाते ना, बसा.” तिकीट काढायला तो जवळ आला तोवर गाडी भलत्याच, साक्रीच्या रस्त्याला लागून कुसुंब्यापर्यंत पोचली होती. नाना उतरले नाहीत. निघालोच आहोत तर म्हणून साक्रीपर्यंत गेले, तिथे चहा प्यायले आणि परत आले. चहा चांगला होता म्हणाले.

मी शाळेत मराठी शिकवते. प्रश्नपत्रिका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. अशा बाईच्या नशिबी नेमका हाच शेजार आला. कधी विषय काढला तर नाना हाताने झटकल्यासारखं करून म्हणतात, “इचारनं बंद शे, ताई.” एरवी ते तुमच्या-माझ्यासारखं मराठी बोलतात. मनातलं काही असलं की अहिराणीवर येतात.

गल्लीचं म्हणणं असं, की नानांचा विचारण्याचा कोटा नोकरीतच संपला. त्यांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. कुठून आलास, काय भरलंय, माल कोणाचा, पावती दाखव. सावद्याचे त्यांचे सख्खे मेव्हणे एकदा भाचीच्या बारशाला केळीचे घड घेऊन येत होते, तर नानांनी त्यांनाही नाक्यावर उतरवलं. “माल कोणाचा?” विचारलं. मेव्हणे म्हणाले, “तुमच्याच पोरीचा.” तरी घड मोजले. पुढे जकात गेली, नाके गेले, नानाही रिटायर झाले. पण रिटायर झाल्यावरही बरीच वर्षं ते विचारायचे. मी समोरच राहते, त्यामुळे विचारणं नेमकं कधी बंद झालं ते मला माहीत आहे. तेही सांगते, पण आधी कॉम्प्युटरचं सांगू दे.

नानांच्या पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. मागे भलंमोठं खोकं असलेला, चालू करताना पिठाच्या गिरणीसारखा आवाज करणारा. तो त्यांच्या मुलीचा, मनीषाचा. लग्नाआधी ती त्यावर लग्नपत्रिका जुळवून द्यायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांची लग्नं त्या खोलीत आधी कागदावर लागली. ती लग्न होऊन जळगावला गेली आणि कॉम्प्युटर चादरीखाली गेला. यंदाच्या हिवाळ्यात नानांनी अचानक तो रिक्षात घालून पाच नंबर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाल्याने तो चालू करून दिला, वर नानांच्या नावाचं एक वेगळं खातं उघडलं आणि त्याला पासवर्ड लावला. हल्ली लावावा लागतो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर रोज सकाळी नानांना विचारायला लागला.

पहिल्या दिवशी नानांना वाटलं, आपण कोण ते सांगायचं आहे. नाक्यावर लोक सांगायचे तसं त्यांनी एका बोटाने नाव, वडलांचं नाव, आडनाव, राहणार देवपूर, धुळे असं सगळं लिहिलं. “मी नाव लिहितो,” ते मला सांगत होते, “आणि ते नुसती टिंबं मांडतं. वर म्हणतं, चूक. रेशनकार्डावर हेच नाव आहे, मतदार यादीत हेच आहे. ह्याला तेवढं चूक.” मग दुरुस्तीवाल्याने फोनवर पासवर्ड समजावून सांगितला. तो त्यांनी पाठही केला. पण राग गेला नाही. पत्त्यांचा डाव मांडायचा म्हणून रोज कॉम्प्युटर लावायचे आणि रोज त्याच्याशी भांडायचे. “पासवर्ड माले माहीत शे. मन्हाच घरमा हाऊ माले इचारस, हाई माले पटत नही.”

त्यावर त्यांनी उपाय शोधला. कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. बंद नाही केला तर चालू करताना विचारणार नाही. चैत्रात धुळ्याचं ऊन कसं असतं ते धुळेकरांना सांगायला नको. कॉम्प्युटर तापून भट्टी झाला, तेव्हा नानांनी घरातला एकुलता एक कूलर स्वतःच्या खाटेकडून वळवून त्याच्याकडे लावला. मी जाऊन पाहिलं तर हा माणूस घामाने निथळत बसलेला आणि कॉम्प्युटर गार हवा खातोय. मग एका दुपारी लाईट गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर परत चालू झाला आणि त्याने परत विचारलं.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी घरी आले, तर नाना माझ्या दारात उभे. शाळेत दहावीचे मार्क कॉम्प्युटरवर मी भरते, म्हणून गल्लीच्या हिशेबी मी इंजिनियर.

“ताई, तुझं जेवण झालं की तू मोकळी असशील,” नाना म्हणाले. “मनीषा उद्या येतेय. ती यायच्या आत त्याचं विचारणं बंद व्हायला हवं.”

मी जेवायला थांबले नाही. कारण मला ती जुनी गोष्ट आठवली.

अडीच-एक वर्षांपूर्वी मनीषा अशीच आली होती. आखाजी नव्हती, राखी नव्हती, भाद्रपदातली रिकामी दुपार होती. आमच्याकडे सासुरवाशीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, झोके खेळते, आंबे खाते, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण अधल्या-मधल्या दिवशी एकटी, हातात बॅग घेऊन आलेली लेक म्हटली की गल्लीचे कान उभे राहतात. अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, त्याच्या आधीच गेलेल्या. नाना दारात आले आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले. “कशी आलीस? एकटीच? जावई कुठे आहेत? सांगून आलीस का? किती दिवस?” मी ओट्यावर गहू निवडत होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हे मला आजही सांगता येईल. जन्मभराची सवय होती, आणि बहुतेक भीतीही होती. पण ती पोर उन्हात उभी होती आणि वाट अडवलेली होती. ती म्हणाली, “सहज आले, नाना.” आत गेली, पाणी प्यायली आणि संध्याकाळच्या गाडीने जळगावला परत गेली. त्यानंतर दोन आखाज्या झाल्या, ती आली नाही.

नानांनी विचारणं बंद केलं ते त्या आठवड्यापासून. हिवाळ्यात एकदा मनीषाने फोनवर विचारलं होतं, “नाना, माझा कॉम्प्युटर आहे का अजून?” काबर, म्हणजे कशाला, म्हणून नानांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली. आता आखाजी आठवड्यावर आली होती आणि ती येते म्हणाली होती, सामान घेऊन. किती, कशाला, ते नानांना माहीत नव्हतं आणि तोंडातून काढायची सोय नव्हती. तिने कळवल्यापासूनच्या चार दिवसांत त्यांचं वजन उतरल्यासारखं दिसत होतं. आल्या आल्या तिला घरातल्या कोणीही, कॉम्प्युटरनेसुद्धा, तू कोण म्हणून अडवायचं नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं.

मी बसले. आधी नानांचा पासवर्ड काढून टाकला. मला वाटलं झालं. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, गिरणी फिरली आणि तो पुन्हा त्याच पडद्यावर येऊन थांबला. ‘सुपडू’ आणि ‘मनीषा’ अशी दोन नावं समोर. कोणत्याही नावावर बोट ठेवा, आत सोडतो, पासवर्ड नको. पण बोट ठेवल्याशिवाय हलत नाही.

नाना मागे उभे होते. “पावती मागत नाही, पण गाडी उभी करतो,” ते म्हणाले. “म्हणजे नाका आहेच.”

नाक्याबद्दल त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “सोपं आहे मॅडम. ते दुसरं नाव उडवून टाका. एकच नाव राहिलं की सरळ उघडतो.” मी मनीषाच्या नावावर गेले. कॉम्प्युटरने विचारलं, हिच्या फायली ठेवू की टाकून देऊ. मी वाचतच होते, तेवढ्यात नानांचा हात मध्ये आला. त्यांनी तळवा सपाट पडद्यावर ठेवला, म्हणजे मला काही दिसेचना.

“तिन्हं नाव ऱ्हाऊ दे,” नाना म्हणाले.

“अहो, फायली ठेवते मी. फक्त नाव जाईल.”

“नावच ऱ्हाऊ दे.”

तळवा काही हलेना. मग मी दुरुस्तीवाल्याला म्हटलं, दुसरा मार्ग सांग. त्याने कुरकुर करत सांगितला. एका चौकटीत लांबलचक इंग्रजी आज्ञा लिहायची, मग नावांची यादी येते, तिच्यावर एक बरोबरची खूण असते. नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय आत सोडू नये, असा तिचा अर्थ. ती खूण काढायची. शाळेत मी आयुष्यभर खुणा करत आले, काढायची वेळ पहिल्यांदाच आली. काढली. त्यावर कॉम्प्युटरने शेवटचं विचारलं, यापुढे कोणाच्या नावाने सरळ उघडू.

मी ‘सुपडू’ लिहायला घेतलं.

“तिन्हं टाक,” नाना म्हणाले.

“नाना, मग तो रोज मनीषाच्या नावाने उघडेल. तुमचे पत्ते, तुमचे डाव, ते सगळं तुमच्या खात्यात आहे.”

“माझं काय अडलंय. मी तिच्या नावात खेळेन.”

मी लिहिलं. बंद केला, चालू केला. जुना कॉम्प्युटर, त्याला यायला वेळ लागतो. तेवढा वेळ नाना खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. दोन नावांचा पडदा आलाच नाही. थेट मनीषाचा पडदा उघडला. लग्नाआधी तिने लावलेलं जास्वंदीचं चित्र आणि खाली पत्रिकांच्या फायली, तिने टाकल्या होत्या तशाच. नानांनी खुर्ची सोडली आणि ते मला म्हणाले, “तू जेवायची आहेस, ताई.”

रविवारी अकराच्या उन्हात मनीषाची रिक्षा आली. आखाजीची माहेरवाशीण म्हणून गल्ली कौतुकाने बघत होती. रिक्षातून दोन बॅगा निघाल्या, एक पंखा निघाला आणि मग कुकर निघाला. कुकर बघितला आणि गल्लीच्या माना एकमेकांकडे वळल्या. माहेरपणाला येणारी बाई सोबत कुकर आणत नाही. नानांनीही तो पाहिला. त्यांचे ओठ हलले, मला इकडून स्पष्ट दिसलं. मग ते दारातून बाजूला झाले, कुकर स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, “ऊन फार आहे. आत माठातलं पाणी आहे.”

दुपारी मी भरीत घेऊन त्यांच्याकडे गेले. खरं सांगायचं तर भरीत निमित्तच होतं, मलाही राहवत नव्हतं. मनीषा कॉम्प्युटरसमोर नुकतीच बसली होती. तिने बटण दाबलं. नाना खाटेवर बसून खरबूज चिरत होते, म्हणजे चिरल्यासारखं करत होते, सुरी एकाच जागी फिरत होती.

जास्वंद आली. मनीषा बघत राहिली.

“नाना, हा थांबलाच नाही कुठे.”

“नाही थांबत.”

“माझंच नाव आहे अजून.”

“तुझाच आहे तो.”

तिने माउस हातात घेतला, एक फाईल उघडली, बंद केली. पाठ आमच्याकडेच होती. तशीच बसून ती म्हणाली, “नाना, मी आता जळगावला परत जाणार नाही.”

नानांनी सुरी ताटात ठेवली. का, काय झालं, पुढे काय करणार, यातलं काहीही त्यांना सुचलं असणार. बापच तो. माझ्या तर जिभेवर आलंच होतं.

“मांगली खोली मी कालच झाडी ठेयेल शे,” नाना म्हणाले. मागची खोली त्यांनी आदल्या दिवशीच झाडून ठेवली होती.

मनीषाने ओढणी तोंडाला लावली आणि ती रडायला लागली. नाना उठले, हात धोतराला पुसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मी भरिताचा डबा टेबलावर ठेवला आणि घरी आले.