हवेच्या चावीवरचं कुंकू

आमच्या स्टोव्हची हवा कोण सोडतं, ते मी शेवटी शोधून काढलं! पण त्याचा उपयोग शून्य, तेव्हा शोधलंच नाही, असं धरून चाला.

विमलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, कन्याशाळेत हंगामी नोकरी होती. दोनदा उशीर झालेला. तिसऱ्यांदा झाला तर जागा दुसरीला, असं मोठ्या बाईंनी बजावलेलं. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या बाबांना, जेवू घातल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, हा विमलचा नेम. आणि स्टोव्ह रोज भात अर्धा कच्चा असताना मान टाकी!

मी पंपाचा वॉशर बदलला. सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा येईल तर शपथ! स्टोव्ह उजळ झाला, एवढंच. मी समोर बसलो की बेटा फरफर जळे. मी अंघोळीला नि विमल वेणी घालायला गेली, की फुस्स!

"हे यंत्राचं काम नाही, माणसाचं हाय!" मी म्हणालो.

संशय थेट शेजारच्या पार्बताबाईंवर. त्यांच्या सुनेनं त्याच जागेसाठी अर्ज केला होता!

दुसऱ्या दिवशी मी हवेच्या चावीला ओलं कुंकू फासलं आणि अंघोळीला गेलो. फुस्स! तसाच ओलेत्यानं शेजारी धावलो.

"पार्बताबाई, बोट दाखवा!"

लालभडक!

"सापडल्या!"

"काय सापडली रे मेल्या? आताच कुंकू लावलं! मालक जित्ते हायेत माये!"

भांडण ऐकून आळीतल्या सात बायका जमल्या. साती जणींनी बोटं दाखवली. साती लाल! मला समजावून परत न्यायला विमल आली, तर तिचंही लाल!

घरी आलो, तर बाबा धोतराला बोट पुसताहेत. बाबांनी तीस वर्षं अकोटच्या कापसाच्या जिनिंगात बॉयलर सांभाळलेला.

"बाबा, तुमी?"

"मंग! कवाचा फरफर करून राह्यला! प्रेशरवर कोनाचं ध्यानच नाही. म्या रोज हवा सोडत नसतो, तं घर उडालं असतं!"

"कावून सांगतलं नाही?"

"ड्युटी कोनी सांगून करते का?"

भात शिजेस्तोवर अकरा वाजले, शाळेला तिसरा उशीर झाला. विमलच्या जागेवर आता पार्बताबाईंची सून शिकवते.

सबब, जिनिंगच्या मॅनेजरसाहेबांस नम्र विनंती की, आमचे तीर्थरूप किसनराव हे नजरचुकीने निवृत्त झाले असे समजून, वय वर्षे सदुसष्ट ही आडकाठी न आणता, त्यांस बॉयलरवर पूर्ववत रुजू करून घ्यावे. ते शक्य नसल्यास, बॉयलर आमच्या घरी पाठवावा.