घरातला गुणगुण्या

सगळं सुरू झालं ते माझ्या एका 'बरं'मुळे. बायको म्हणाली, "अहो, मेंदूच्या त्या दवाखान्यात जाऊन तर बघा." मी म्हणालो, "बरं." नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि तेव्हा माझ्यात तेवढासुद्धा जोर उरला नव्हता.

वर्षभर मी नुसता बसून होतो. दुःख कसलं म्हणाल, तर कसलंच नाही. आतले दिवे कुणीतरी मालवून गेलं होतं, एवढंच. (ऑफिसात कुणाला पत्ताही लागला नाही. पाण्याच्या तक्रारींना उत्तरं लिहिणाऱ्या कारकुनाचा चेहरा असाच असतो, अशी समजूत आहे. साहेबांनी तर 'हल्ली गांभीर्याने काम करता' म्हणून पाठ थोपटली.) गोळ्यांनी नुसती झोप वाढली. बायको मात्र खचत चालली होती. "तुम्ही समोर असता आणि नसता," ती म्हणाली. "मला माझा माणूस परत हवाय."

दवाखान्यात ना सुई, ना चिरफाड, ना भूल. जागेपणी खुर्चीत बसायचं आणि डोक्याला चुंबकाची एक गुंडाळी टेकवून घ्यायची. टक टक टक टक! सुतारपक्षी कवटीवर बसावा तसं. जोर किती लावायचा हे ठरवायला डॉक्टरांनी पहिल्या दिवशी गुंडाळी जरा सरकवली, आणि माझा अंगठा टुणकन उडाला. मी उडवला नव्हता. पुन्हा टक, पुन्हा अंगठा. स्वतःचा अंगठा दुसऱ्याच्या हुकमाने हलताना मी नुसता बघत बसलो.

"छान!" डॉक्टर म्हणाले. (कुणासाठी छान, ते नाही बोलले.)

असे काही आठवडे गेले आणि घरात ते सुरू झालं.

पहिल्यांदा मुलीने ऐकलं. भर दुपारी मी बाथरूममध्ये दाढी करत होतो, तर ती धावत आली. "बाबा, आत्ता इथे कोण गुणगुणत होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच आहे."

"पुरुषाचा आवाज होता."

आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. सगळं चिडीचूप. नळ तेवढा ठिबकत होता.

मग बायकोची पाळी आली. "आतल्या खोलीतून येत होता. तुम्ही तिथेच इस्त्री करत होतात ना? तुम्हाला नाही ऐकू आला?"

"नाही गं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे तुमच्या अगदी शेजारी उभं राहून गातो आणि तुम्हाला कळत नाही!"

मुलीने त्याला गुणगुण्या असं नाव ठेवलं. आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी तर तपासच पूर्ण केला. "जावई ऑफिसात असले की हूं नाही की चूं नाही. त्यांनी घरात पाय टाकला की हा हजर. त्यांच्याच मागावर आहे मेला."

मी टरकलो. वर्षभरात पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं होतं, आणि ती नेमकी भीती निघाली! नशीब म्हणतात ते हेच.

एका संध्याकाळी तो मलाही भेटला. घरात कोणी नव्हतं. मी बुटाला पॉलिश करत होतो. अगदी कानाशी, खर्जातली, कसलीशी जुनी चाल. माझा हात थांबला, तसा आवाजही थांबला. मी श्वास रोखला. त्यानेही रोखला असावा. "कोण आहे?" मी विचारलं. जरा वेळाने ब्रश फिरवला, तर पुन्हा तेच! बूट तिथेच टाकून मी अनवाणी जिन्यात जाऊन बसलो.

बायको आली ती मला तिथे बघूनच हबकली. "हे त्या मशीनचंच काम," ती म्हणाली. "डोक्यात काहीतरी उघडलंय त्यांनी आणि हे आत शिरलंय. उद्या जा आणि बंद करून या."

"अगं, पण मग माझं काय?"

"तुम्ही होतात तसे चालाल मला," ती म्हणाली आणि रडायला लागली. तसं चालणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन चालवणाऱ्या बाईंना मी सांगितलं, "आजचं शेवटचं. उद्यापासून मी येणार नाही." त्यांनी का म्हणून विचारलं, मी मान फिरवली. टक टक सुरू झालं आणि थोड्या वेळाने बाईंनी मशीन मध्येच थांबवलं. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, हात जोडते. गाऊ नका. डोकं हलतं आणि गुंडाळी सरकते."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... तो इथेही आला? तुम्हाला ऐकू आला?"

"बाहेर बसलेल्यांनाही येतो. रोज सांगीन सांगीन म्हणते, पण तुम्ही इतके रंगात येता!"

"कोण गातंय, बाई?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही."

मी ओठांवर हात नेला. अजून थरथरत होते.

"मग? उद्या येणार ना?" बाईंनी विचारलं. मी मान डोलावली. (गुंडाळी पुन्हा सरकली.)

घरी येऊन सांगितलं, तर कुणी हसलं नाही. मुलगी हिरमुसली, तिचं भूत गेलं. सासूबाई भडकल्या, "वर्षभर तोंडातून आवाज नाही, ओळखायचं तरी कसं माणसाने?" बायको मात्र माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "गा बघू."

मी गायलो. पहिलं कडवं तिने डोळे मिटून ऐकलं. गालांवरून पाणी वाहत होतं, तिने ते पुसलंही नाही. मी हुरूप येऊन दुसरं कडवं घेतलं, जरा वरच्या पट्टीत, आवाज चिरकला तरी. तिने डोळे उघडले. हळूच माझा हात सोडला, स्वयंपाकघरात गेली आणि आतून दार लावून घेतलं.

मी थांबलो.

"अहो, थांबू नका, तुम्हाला माझी शप्पथ!" आतून तिचा भरल्या गळ्याचा आवाज आला. "रोज गा! मी दार लावून घेत जाईन."