न येणारी गाडी

मन्मथअप्पा कुठलंही वाक्य लिहिण्याआधी ते दोनदा मोठ्यानं बोलून बघतात आणि शेवटी "याची नोंद घ्यावी" असं जोडतात. परवा त्यांनी चहासुद्धा असाच मागवला. चहावाला गांगरून दोन कप ठेवून गेला.

सगळी नोकरी त्यांनी एका तालुक्याच्या बसस्टँडवर लाऊडस्पीकरवरून गाड्या पुकारण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर ते लातूरला आले आणि आमच्या चार टेबलांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात मराठी लिहायला लागले. त्यांना मीच आणलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

आमचं काम असं. हल्ली माणसाची कामं परस्पर उरकणारे एआय एजंट आलेत. असा एजंट आम्हाला सांगून ठेवतो, "गल्लीत पाणी सुटलं की मला कळवा," आणि स्वस्थ झोपतो. पाणी सुटलं की आम्ही त्याला उठवतो, मग तो घरोघरी मेसेज पाठवतो. ही नोटिफिकेशनची नोंदणी कशी करायची, हे एजंटालाच वाचून कळावं असं लिहून काढायचं काम अप्पांकडे होतं.

अप्पांनी पहिलं पान आणून दिलं. "सर्व एजंटमहोदयांना विनंती. आपण कशाची वाट पाहत आहात ते स्पष्ट लिहावे. मोघम लिहू नये. याची नोंद घ्यावी."

"अप्पा, हे यंत्र वाचणार आहे. त्याला महोदय कामून?"

"वाट बघून राहिलंय न्हवं? वाट बघणाऱ्याला नीट बोलावं."

महोदय तसेच राहिले. खरा वाद शेवटच्या पानावरून पेटला. त्याचं शीर्षक होतं, "काहीच न घडल्यास". अप्पांनी लिहिलं होतं की दिवसभरात काही घडलं नाही, तर संध्याकाळी सहाला तसंही कळवण्यात येईल. आमच्या प्रोग्रॅममध्ये असलं काही नव्हतंच. मी पान काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते परत जागेवर. असं तीनदा झालं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"अप्पा, घडलं तर सांगायचं, नाही घडलं तर गप्प बसायचं. न घडल्याचं काय कळवायचं?"

अप्पांनी चष्मा काढला. "येणारी गाडी डोळ्यानं दिसती, साहेब. न येणारी सांगावी लागती. सांगितलं की माणूस उठून घरी तरी जातंय. न्हाई तर बसतंय बिचारं पिशवी धरून."

मी हसलो आणि चौथ्यांदा ते पान काढून टाकलं. म्हातारा हट्टी आहे, एवढंच मला वाटलं.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. ऑफिस सहाला सुटतं, पण अप्पा मोबाईल हातात धरून जिन्याच्या पायरीवर आठपर्यंत बसतात. विचारलं तर म्हणतात, "वारं बरं येतंय." त्या जिन्यात वारं मला तरी कधी लागलेलं नाही.

सगळं तयार झाल्यावर मी चाचणीच्या खोट्या नोंदी पुसायला बसलो. पाणी, लाईट, किल्लारीला जाणारी जीप, सगळं पुसलं. एक नोंद राहिली. अप्पांच्या नावावर होती. "बसवराजचा मेसेज आला की कळवावे."

"ही पुसू का, अप्पा?"

"असू द्या." मग म्हणाले, "थोरला आमचा. हैद्राबादला असतोय. माझं न् त्याचं लई वाजलं. जाताना म्हणला, यायला निघालो की कळवतो. चार साल झाले."

"फोन करून बघायचा."

"उचलत न्हाई."

"पण मेसेज आला तर तुमच्या मोबाईलवर दिसेलच की. नोंद कशाला?"

"आल्याचं दिसंल," अप्पा म्हणाले. "न आल्याचं?"

मला फार लाज वाटली. चार वेळा मी ते पान काढून टाकलं होतं, तेही हसत हसत.

ते पान मी परत जोडलं आणि प्रोग्रॅमही तसा बदलला. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला अप्पांचा मोबाईल वाजला. त्यांनी घाईघाईनं चष्मा चढवला आणि सवयीनं दोनदा मोठ्यानं वाचलं, "बसवराजचा आज मेसेज नाही. उद्याही लक्ष ठेवण्यात येईल."

मी 'याची नोंद घ्यावी'ची वाट बघत होतो. अप्पांनी मोबाईल खिशात ठेवला, पिशवी उचलली आणि जिना उतरून सरळ घरी गेले.